कमान नसलेला घुमट: सरखेजचा रोझा समजून घेताना

अहमदाबादला रिक्षावाल्याला 'सरखेज रोजा' म्हटलं की तो पुढं काही विचारत नाही, मीटर टाकतो. घोळ होतो तो आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यात. रोजा म्हणजे रमजानचा उपास ना? मग त्याची इमारत कशी असेल? खरं तर हे दोन वेगळे शब्द आहेत. उपासाचा रोजा फारसीतला. हा दुसरा मूळ अरबी 'रौझा', म्हणजे बाग. स्वर्ग ही बाग मानली जाते, म्हणून थोरामोठ्यांच्या कबरीवरच्या वास्तूलाही रौझा म्हणू लागले, आणि बोलता बोलता रौझाचा रोझा झाला. आपल्या खुलदाबादचं जुनं नावही रौझाच. औरंगजेबाला मरणोत्तर 'खुल्दमकान' ही पदवी मिळाली, तिच्यावरून पुढं खुलदाबाद नाव पडलं.

सरखेज अहमदाबादच्या जुन्या शहरापासून नैर्ऋत्येला सात-आठ किलोमीटरवर. आता मधे रिकामी जमीन उरलेली नाही, इमारतींच्या गर्दीतूनच तिथं पोचता येतं. दारातून आत गेलात की मात्र कोणीतरी आवाज बंद केल्यासारखं वाटतं. उजव्या हाताला एक भलीमोठी चौरस वास्तू, चारी बाजूंनी दगडी जाळ्या लावलेली. डाव्या हाताला सुलतानांच्या कबरी. समोर फरसबंद मोकळं अंगण, अंगणापलीकडे पश्चिमेला मशीद. आणि डावीकडच्या कबरींच्या मागे खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि मोठा तलाव.

पहिल्यांदा गेलो तेव्हा यातलं कशाला काय म्हणायचं तेही मला कळत नव्हतं, म्हणून आधी तेवढं सांगतो. मशीद ही नमाजाची जागा. तिथं कोणाची पूजा नसते आणि मूर्ती तर नसतेच. मक्केच्या दिशेची भिंत कळावी म्हणून तिच्यात एक कोनाडा केलेला असतो, तो मिहराब. भारतातून मक्का पश्चिमेकडे, म्हणून आपल्याकडच्या मशिदींची महत्त्वाची भिंत पश्चिमेची. मकबरा म्हणजे कोणाच्याही कबरीवरची वास्तू, मग तो राजा असो, वजीर असो. मकबरा एखाद्या सूफी संताचा असला आणि लोक तिथं नवस बोलायला, फुलं वाहायला, उरसाला येऊ लागले की त्याचा दर्गा होतो. दर्गा या फारसी शब्दाचा अर्थ उंबरठा किंवा दरबार. उरस म्हणजे लग्न. संत गेला तो दिवस म्हणजे त्याची देवाशी गाठ पडली तो दिवस, म्हणून शोकाऐवजी सोहळा.

सरखेजला हे सगळं एकाच आवारात आहे, वर राजवाडा आणि तलावही. कोणा एकानं कागदावर आराखडा काढून हे बांधलेलं नाही. एका म्हाताऱ्या फकिराची कबर झाली आणि तिच्याभोवती साठ-सत्तर वर्षं एकेक इमारत जमत गेली.

त्या फकिराचं नाव शेख अहमद खट्टू, लोकांच्या तोंडी गंजबक्ष, म्हणजे खजिना वाटणारा. (लाहोरचे दाता गंजबक्ष वेगळे, ते यांच्याही तीनशे वर्षं आधीचे.) खट्टू हे राजस्थानात नागोरजवळचं गाव. तिथल्या बाबा इसहाक मगरिबी यांनी त्यांना वाढवलं आणि दीक्षा दिली. १३९८ मध्ये तैमूरनं दिल्ली लुटली तेव्हा शेख दिल्लीत होते, पकडले गेले, पण त्यांचं वागणं पाहून तैमूरनंच त्यांना मानानं सोडलं, असं परंपरा सांगते. नंतर ते गुजरातेत आले आणि सरखेजला राहिले. तेव्हा सरखेज हे अगदी खेडं होतं.

त्याच सुमारास गुजरातचे सुभेदार दिल्लीपासून सुटे होऊन स्वतःच सुलतान झाले होते. त्यांच्यातला अहमदशाह शेखांना फार मानायचा. १४११ मध्ये त्यानं साबरमतीकाठी नवी राजधानी वसवायचं ठरवलं. तिची गोष्ट आजही अहमदाबादेत कोणीही सांगेल: ज्यांची दुपारची नमाज आयुष्यात कधी चुकली नाही अशा चार अहमदांनी शहराच्या पायाची दोरी धरली. एक स्वतः सुलतान, एक शेख अहमद खट्टू, आणखी दोघे अहमद नावाचेच. याला जोडून माणेकनाथ नावाच्या योग्याचीही गोष्ट आहे. गवंडी दिवसभर तट बांधायचे, तोवर हा गोधडी शिवायचा. रात्री तो टाके उसवायचा की तिकडे तट ढासळायचा. शेवटी त्याची समजूत काढावी लागली. माणेक चौक त्याच्या नावाचा. शहर वसवायला सुलतान, शेख आणि योगी तिघंही लागतात, हा हिशेब मला आवडतो.

शेख शंभरी ओलांडून १४४५-४६ च्या सुमारास वारले. अहमदशाह आधीच गेला होता. त्याचा मुलगा मुहम्मदशाह यानं १४४६ मध्ये शेखांच्या कबरीवर रोझा बांधायला घेतला, आणि त्याचा मुलगा कुतुबुद्दीन यानं १४५१ मध्ये तो पुरा केला. शेजारची मशीदही त्याच काळातली.

आता मुद्द्याचं. या मशिदीत आणि रोझ्यात हिंडताना एक खेळ खेळून पाहा: कमान शोधा. मिहराबच्या कोनाड्यासारखी शोभेची कमान सोडली तर हाती काही लागत नाही. उभा खांब, त्यावर आडवी तुळई, पुन्हा खांब, पुन्हा तुळई. मिनारही नाहीत. मुसलमानी इमारत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं कमान, घुमट आणि मिनार येतात. त्यातला फक्त घुमट इथं आहे, आणि तोही आपण समजतो तसा नाही.

कमान कशी काम करते ते बघू. पत्त्यातले दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे करा. वरून जरा दाबलंत तर पत्ते मोडत नाहीत, त्यांचे पाय बाहेर सरकतात. कमानीचं तसंच आहे. वरचं ओझं ती दोन्हीकडे ढकलते, आणि ती ढकल झेलायला बाजूला जाड भिंत लागते. खरा घुमट म्हणजे कमानच गोल फिरवलेली. विजापूरचा गोलघुमट सुमारे ४४ मीटर व्यासाचा आहे, पण तो पेलायला खाली किती जाड भिंती आहेत ते तिथं गेलेल्यांना आठवत असेल.

सरखेजच्या पाथरवटांना हे करायचं नव्हतं. त्यांना येत होती ती दुसरीच युक्ती, आणि ती आपल्या चांगलीच ओळखीची आहे. सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या एखाद्या जुन्या दगडी देवळाच्या सभामंडपात उभे राहून वर बघा. गोल गोल कडी एकात एक लहान होत वर गेलेली दिसतात, शेवटी मधोमध फूल. हाच तो घुमट.

करायचं असं: टेबलाच्या कडेला एक वही ठेवा, जरा बाहेर काढून. तिच्यावर दुसरी, आणखी जरा बाहेर. मागच्या बाजूला वजन ठेवलंत तर चार-पाच वह्या सहज हवेत पुढं येतात. दगडाचंही तेच. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवायचा आणि शेपटाकडून दाबून ठेवायचा. असे थर गोलाकार रचले की अजून एक गोष्ट मदतीला येते. बांधलेली विहीर आठवा. विहिरीच्या कड्यातला दगड आत पडत नाही, कारण डावी-उजवीकडचे शेजारी त्याला घट्ट धरून असतात. घुमटाचं एकेक कडं म्हणजे तशी एकेक विहीर, वरवर जात निमुळती झालेली. यातलं जवळजवळ सगळं ओझं सरळ खाली जातं, बाहेरची ढकल फारशी नसते. म्हणून खाली जाड भिंत लागत नाही, बारीक खांब पुरतात. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात तर मधे गोल आकाशच मोकळं आहे. शेवटचं कडं बसवलं नाही तरी बाकीचं छत उभं राहतं, याचा याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही.

अडचण एकच, खाली खांब चौकोनात असतात आणि वर घुमट गोल. चौकोनाचा गोल कसा करायचा? पाटीवर ठिपके काढून बघा. एका चौकोनाच्या प्रत्येक बाजूला चार ठिपके, कोपरे दोन्ही बाजूंचे सामाईक, म्हणजे एकूण बारा. हे बारा खांब. आता कोपरे सोडून मधले दोन-दोन ठिपके घ्या, आठ होतात. एका बाजूचा ठिपका आणि शेजारच्या बाजूचा ठिपका यांना कोपरा कापून तिरकी रेघ जोडा. चौकोनात अष्टकोन तयार. दगडात ही तिरकी रेघ म्हणजे तिरकी तुळई. अष्टकोनाच्या आठ कोपऱ्यांवर पुन्हा लहान शिळा तिरक्या टाकल्या की सोळा बाजू होतात, आणि सोळा बाजूंवर गोल कडं अलगद बसतं. वरून चुन्याचा गिलावा केला की बाहेरून तो नेहमीच्या घुमटासारखा गुळगुळीत दिसतो. आत येऊन मान वर केल्याशिवाय गुपित कळत नाही.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. दगड फार बाहेर काढला तर मोडतो, म्हणून एकेक घुमट लहानच राहतो. मोठी जागा झाकायची तर घुमटही पुष्कळ आणि खांबही पुष्कळ. शेखांच्या रोझ्यापुढं एक लहानसा मंडप आहे, सोळा खांबांचा. चार ओळी, प्रत्येकीत चार खांब. त्यांच्यामधे चौकोन किती पडले? तीन गुणिले तीन, नऊ. वर मोजा, नऊ छोटे घुमट. सगळ्या आवारात मला सर्वांत देखणी वाटते ती हीच वास्तू. हिला भिंत नाही, दार नाही आणि कोरीवकामही बेताचंच. सावली तेवढी आहे. मी गेलो तेव्हा एक आजी तिथं पाय लांब करून बसल्या होत्या आणि त्यांचा नातू खांबांना शिवत पळत होता. मंडपाचा याहून योग्य वापर पाचशे-पावणेसहाशे वर्षांत कोणी केला असेल असं वाटत नाही.

हे खांब-तुळईचं काम गुजरातेत आलं कुठून, याचं उत्तर सरळ आहे. ते तिथंच होतं. सोळंकी राजांच्या काळापासून देवळं आणि जैन मंदिरं बांधणारे पाथरवट पिढ्यान्पिढ्या तिथं राहत होते. राज्य बदललं तरी दगड फोडणारे हात तेच राहिले. सुरुवातीच्या मशिदींत जुन्या देवळांचे खांब काढून वापरले गेले, हेही तितकंच खरं. खंबायतची १३२५ ची जामा मशीद बघितली तर ते डोळ्यांना दिसतं. सरखेजपर्यंत येता येता मात्र शंभरावर वर्षं उलटली होती. इथले खांब याच इमारतीसाठी घडवलेले, एकसारखे, सडपातळ. जुन्या खांबांची जोडाजोड इथं नाही. इथले पाथरवट आपली नेहमीची भाषा नव्या कामासाठी बोलू लागले होते.

अहमदाबाद शहरातली १४२४ ची जामा मशीद आणि ही मशीद मनात शेजारी ठेवून पाहावी. तिथं आत २६० खांब आहेत, पण पुढं उंच कमानींचा दर्शनी भाग उभा केलाय आणि त्याला मिनार जोडलेत. जणू बाहेरून इराण आणि आत गुजरात. १८१९ च्या कच्छच्या भूकंपात ते मिनार पडले, खांबांचं रान तसंच उभं राहिलं. सरखेजला तो पुढचा पडदाच काढून टाकलाय. अंगणातून बघितलं की नुसत्या खांबांच्या रांगा आणि त्यांमागे गडद होत जाणारा अंधार. सजावट कमी आहे म्हणून काही जणांना ही मशीद फिकी वाटते. मला उलट वाटतं. इतके खांब ओळीत उभे करून कुठंही मिरवायचं नाही, हे सोपं नाही.

आणि आता या गोष्टीतली गंमत. सरखेजच्या वाटेवर वासण्याजवळ विटांचा एक दांडगा मकबरा आहे, आजम आणि मुअज्जम या दोन भावांचा, १४५७ च्या सुमाराचा. हे भाऊ इराणकडच्या खुरासानहून आलेले, आणि सरखेजचा रोझा त्यांनीच आखला असं मानतात. त्यांच्या स्वतःच्या मकबऱ्यात काय आहे? जाडजूड विटांच्या भिंती, कमानी आणि कमानीच्याच पद्धतीचा मोठा घुमट. म्हणजे इराणी तऱ्हेचं सगळं. परंपरा खरी धरली तर दोघांनी शेखांसाठी आणि सुलतानासाठी गुजराती दगडाची इमारत उभी केली, आणि स्वतःच्या शेवटच्या निजेसाठी गावाकडची वीट निवडली. घरापासून लांब राहणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही.

शेखांच्या रोझ्यात शिरताना चपला बाहेर, डोक्यावर रुमाल. दुपारी गेलात तर फरशी पायाला चटके देते आणि आपण आपोआप पळतच आत जातो. आत गेल्यावर डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. ही गुजरातेतली या प्रकारची सर्वांत मोठी वास्तू, एकेक बाजू तीस मीटरच्या आसपास. बाहेरून जाळीच्या भिंती, आत खांबांच्या रांगा आणि मधोमध, पितळी जाळ्यांच्या आड, शेखांची कबर. माणसाला दक्षिणोत्तर ठेवून तोंड पश्चिमेकडे वळवून पुरतात, म्हणून अशा कबरी उत्तर-दक्षिण लांब असतात. चादर, गुलाबाच्या पाकळ्या, अत्तराचा आणि धुपाचा वास. कोणीतरी कोपऱ्यात हलक्या आवाजात कुराण वाचत असतं.

जाळी एकदा जवळ जाऊन बघावी. एक अखंड शिळा घ्यायची, तिच्यावर नक्षी आखायची आणि नको तेवढा दगड काढून टाकायचा. ठोका एक जरी चुकला तरी अख्खी शिळा वाया, कारण जोड द्यायला जागा नसते. मशीद-दर्ग्यात माणसाची, प्राण्याची आकृती चालत नाही. त्यामुळं ज्या हातांना यक्ष, सुरसुंदरी, हत्ती घडवायची सवय होती ते हात वेली, फुलं, साखळीला टांगलेले दिवे आणि चौकोन-षटकोन यांच्याकडे वळले. गुजरातेतल्या मकबऱ्यांवर देवकोष्ठाची चौकट असते आणि आत देवाच्या जागी झाड किंवा दिवा कोरलेला असतो, ते यातूनच आलं. जाळीचा कळस पुढं शंभर-सव्वाशे वर्षांनी शहरातल्या सीदी सय्यदच्या मशिदीत झाला. फोटोंमधून सगळ्यांना ठाऊक असलेलं ते झाड तिथलं. सरखेजच्या जाळ्या त्यामानानं साध्या, भूमितीच्या. पण त्यांचं खरं काम आतून कळतं. उन्हाचा झोत बारीक ठिपक्यांत फुटून फरशीवर पसरतो, ऊन जसं सरकतं तसे ठिपके सरकतात. वारा येतो, ऊन येत नाही. मी तळहात जाळीला लावून पाहिला: बाहेरच्या बाजूचा दगड तापलेला, आतला गार.

यापुढचा भाग महमूद बेगड्याचा. तेराव्या-चौदाव्या वर्षी, १४५८ मध्ये, गादीवर आला आणि १५११ पर्यंत राज्य केलं. जुनागढ आणि चांपानेर असे दोन बलाढ्य गड त्यानं घेतले, 'बे गढ' म्हणून बेगडा, ही त्याच्या नावाची लोकांत रुळलेली फोड. त्याच्या खाण्याच्या कथा अचाट आहेत. लहानपणापासून थोडं थोडं विष पचवल्यामुळं त्याच्या अंगावर बसलेली माशी मरायची, असं युरोपीय प्रवाशांनी मजेनं लिहून ठेवलंय. ते राहू द्या. सरखेजला त्यानं केलेलं काम थक्क करणारं आहे. त्यानं तलाव खोदवून वाढवला, सुमारे सतरा एकरांचा, आणि त्याला दगडी पायऱ्या बांधल्या. पाणी आत येतं ती मोरीसुद्धा कोरीव आहे. मोरीच्या तोंडाला कोण नक्षी करेल? पण गुजरातेत पाणी ही पाहुण्यासारखी गोष्ट, येतं तेव्हा दार सजवायचं.

तलावाच्या काठावर त्यानं स्वतःसाठी वाडा आणि जनाना बांधला. आता नुसते सांगाडे उरलेत, दुमजली, खांबांच्या ओसऱ्या पाण्याकडे तोंड करून. उन्हाळ्यात तलावावरून वारा यायचा आणि त्या खांबांतून सरळ आत शिरायचा. भिंती नसण्याचा फायदा पुन्हा इथं दिसतो. म्हणजे एका बाजूला फकिराची कबर आणि दुसऱ्या बाजूला सुलतानाची हवा खायची जागा, मधे पाणी. आपल्याला हे विसंगत वाटतं. त्या काळी वाटत नसावं. आजही लोक दर्शन घेतात आणि मग पायऱ्यांवर बसून डबा उघडतातच की.

मरायची वेळ येण्याआधी बेगड्यानं स्वतःची कबर शेखांच्या समोर, तलावाच्या कडेला बांधून ठेवली. त्याचा मुलगा मुजफ्फरशाह दुसरा याचीही कबर तिथंच, आणि राणी राजाबाईंचा मकबरा जोडूनच. संताच्या शेजारी पुरलं गेलं तर त्याच्या पुण्याईचा वाटा मिळतो, ही त्यामागची श्रद्धा. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला वारला, पण त्याला नेलं खुलदाबादला, जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात, ते याचसाठी. आपल्याला हे समजायला कठीण नाही. पंढरपूरला विठ्ठलाच्या दाराशी नामदेवाची पायरी आहे आणि समोर चोखोबांची समाधी. आपल्याला कोणाच्या शेजारी पडायचंय, हा प्रश्न भक्ताला पडतोच. राजाला शेजार विकत घेता येतो, एवढाच फरक.

याच मुजफ्फरशाहाचा मुलगा बहादूरशाह. १५३४ मध्ये हुमायूनच्या धास्तीनं त्यानं पोर्तुगिजांशी तह केला आणि वसई आणि मुंबईची बेटं त्यांना देऊन टाकली. माहीमसकट ही बेटं तोवर गुजरातच्या सुलतानांकडे होती. म्हणजे वसईचा किल्ला बघताना आणि सरखेजच्या पायऱ्या उतरताना आपण एकाच घराण्याच्या गोष्टीत असतो, हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

पुढचा इतिहास झरझर. १५७२-७३ मध्ये अकबरानं गुजरात घेतलं. पदच्युत सुलतानानं पुन्हा डोकं वर काढलं तेव्हा १५८४ मध्ये सरखेजजवळच लढाई झाली, अब्दुर्रहीम खानखानान जिंकला आणि त्यानं तिथं फतेह बाग लावली. हो, दोहे लिहिणारा तोच रहीम. सतराव्या शतकात सरखेजचं नाव युरोपात गेलं ते दर्ग्यामुळं नाही, निळीमुळं. इथल्या निळीच्या वड्या डच आणि इंग्रज व्यापारी खरेदी करायचे. अठराव्या शतकात मराठे आले. १७५८ पासून इंग्रजांचं राज्य येईपर्यंत अहमदाबाद पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटलेलं होतं, शहरातली गायकवाड हवेली त्याची खूण. विसाव्या शतकात प्रसिद्ध वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए अहमदाबादेत इमारती बांधायला आला, त्यानं हे आवार पाहून अथेन्सच्या अॅक्रोपोलिसची आठवण काढली असं सांगतात. ते वाक्य आता प्रत्येक माहितीपत्रकात असतं. उपमा अगदीच चुकीची नाही. सपाट चौथरे, उभे खांब, मोकळं आकाश. पण अॅक्रोपोलिस टेकडीवर आहे आणि हे आवार पाण्यापर्यंत खाली उतरतं. मला तो फरक साम्यापेक्षा मोठा वाटतो.

आज हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणातलं स्मारक आहे आणि चालता दर्गाही. दोन्ही एकाच वेळी असणं कटकटीचं असतं. पुरातत्त्ववाल्यांना दगड जसाच्या तसा हवा, येणाऱ्याला पंखा, नळ आणि चादर चढवायला वाट हवी. रोज थोडी थोडी तडजोड चालते.

तलावाचं दुखणं मात्र तडजोडीनं सुटणारं नाही. हा तलाव पावसाच्या वाहून येणाऱ्या पाण्यावर आखलेला. आसपासच्या शेतांतून, ओहोळांतून पाणी त्या कोरीव मोरीशी यायचं. आता शेतांच्या जागी सोसायट्या आहेत आणि ओहोळांच्या जागी रस्ते. मी गेलो ते मे महिन्याचे दिवस होते. तलाव कोरडा ठक्क, तळाला भेगा पडलेल्या आणि मधोमध पोरांचा क्रिकेटचा डाव रंगलेला. स्टंप म्हणून विटा. बेगड्याच्या वाड्याच्या पायऱ्यांवर चेंडू गेला तर चार धावा, असा नियम होता.

जाणार असाल तर पावसाळ्यानंतर जा, शक्यतो सकाळी. मुख्य रोझा बघून झाला की घाई न करता त्या सोळा खांबांच्या मंडपात बसा आणि मान वर करून एक घुमट नीट न्याहाळा. चौकोनी चौकट, कोपऱ्यावरच्या तिरक्या शिळा, आठ बाजू, सोळा बाजू, मग कडी. एकदा हे डोळ्यांना कळलं की परत आल्यावर गावातल्या जुन्या देवळात शिरताना मान आपोआप वर जाते. माझी जाते. मागं येणारी माणसं खोळंबतात.